गुलाब कुलातील झाडाझुडपांचे परागकण : रेषा दिसल्या म्हणजे गुलाब ठरतो का?

तापीकाठ (भुसावळ) · 18 जानेवारी, रात्री 9:40

नमस्कार. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली, पण घरातील जुना सूक्ष्मदर्शक अजून निवृत्त झालेला नाही. या हिवाळ्यात मी गुलाब कुलातील झाडे आणि झुडपे यांचे परागकण नीट पाहण्याचे ठरवले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो. चुका असतील तर दाखवाव्यात, कारण एका बाबतीत मी स्वतःच साशंक आहे.

खानदेशात हे कुल अभ्यासायला घेणे म्हणजे केळीच्या बागेत सफरचंद शोधण्यासारखे आहे. सुमारे 90 प्रजाती (जीनस) आणि अडीच-तीन हजार जाती असलेले हे कुल मुख्यतः उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण प्रदेशाचे आहे. आपल्या काळ्या, तापणाऱ्या मैदानात त्याचे रानटी प्रतिनिधी फारसे भेटत नाहीत, त्यामुळे आपल्याकडील विद्यार्थ्याला या कुलाची ओळख अंगणातील गुलाबावरून होते आणि बहुधा तेथेच संपते. माझ्याकडे अंगणातला गावठी गुलाब, शेजाऱ्यांचा लोकाट आणि उत्तराखंडात नोकरीला असलेल्या भाच्याने गेल्या वसंतात कागदी पाकिटांतून पाठवलेले बदाम, पीच, नाशपाती आणि सफरचंद यांचे वाळलेले परागकोश एवढे साहित्य आहे.

पहिली गोष्ट अशी की या सगळ्यांचे कण सुटे असतात. बाभळीत बहुधा सोळा कण एकत्र चिकटून एकच गठ्ठा बनतो, तसे येथे होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक कणावर एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे जाणाऱ्या तीन लांब खाचा असतात आणि प्रत्येक खाचेच्या मध्यावर, विषुववृत्ताशी, आतल्या थरात एक छिद्र असते. खाच आणि छिद्र मिळून जी रचना होते तिला ट्रायकोल्पोरेट म्हणतात. परागनलिका बाहेर पडण्याची ही दारे आहेत. ज्वारीच्या कणाला कडे असलेले एकच गोल दार असते, कडुनिंबाच्या कणाला चार असतात, तर कापसाच्या कणावर पुष्कळ दारे आणि वर काटेही असतात.

तिसरी आणि सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे बाह्यावरणावरील रेषा. पीच किंवा बदामाच्या कणावर त्या इतक्या ठळक असतात की सरी-वरंबा पाडलेले शेत टेकडीवरून पाहिल्याचा भास होतो. वरंबे जवळजवळ समांतर जातात, मध्येच दुभंगतात, एकमेकांत मिसळतात आणि खाचांच्या कडेने वळतात. सऱ्यांच्या तळाशी बारीक छिद्रे असतात, परंतु ती माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर आहेत. गुलाबाच्या रेषा पीचपेक्षा नाजूक दिसतात. गुलाबाच्या खाचेवर बाह्यावरणाचीच एक अरुंद पट्टी झाकणासारखी बसलेली असते, ती मात्र थोडा धीर धरला तर 40 च्या वस्तुभिंगाखाली दिसते.

आकारमान सांगायचे तर माझ्या काचपट्ट्यांवर गुलाबाचे कण साधारण 28 ते 34 मायक्रोमीटर भरले. बदाम आणि पीच यांचे कण त्यांच्यापेक्षा स्पष्टपणे मोठे आहेत आणि त्यांतील काही पन्नाशीही ओलांडतात.

आता शंका. एका परिचितांनी मला सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली मधाची बाटली दिली. बाटलीवर 'गुलाब मध' असे लिहिलेले होते. त्या मधाचा गाळ तपासल्यावर मला तीन खाचांचे, रेषा असलेले कण भरपूर दिसले आणि मी परिचितांना "होय, यात गुलाबाचा पराग आहे" असे सांगून मोकळा झालो. रात्री झोप लागेना. मी घाई केली काय?

---

केळीबाग_रावेर · 18 जानेवारी, रात्री 10:25

सर, माहिती आवडली. एक भाबडा प्रश्न विचारतो. आमच्या बांधावरची बोर याच कुलात येते का? काटे आहेत, फळात एक कठीण बी आहे आणि आलुबुखाराशी तिचे साम्यही वाटते.

---

तापीकाठ · 18 जानेवारी, रात्री 10:50

भाऊ, प्रश्न भाबडा नाही. बोर वेगळ्या कुलातील आहे, पण आजच्या वर्गीकरणात ती दोन्ही कुले रोझेलीज या एकाच गणात येतात. वड, पिंपळ आणि तुती यांचे कुलही त्याच गणात आहे. बोरीच्या कणालाही तीन खाचा आणि तीन छिद्रे असतात, मात्र ध्रुवाकडून पाहिल्यास तो त्रिकोणी दिसतो. कुले एकमेकांच्या नात्यात असली तरी त्यांच्या कणांचे चेहरे जुळतीलच असे नाही.

---

पांझरा_धुळे · 19 जानेवारी, सकाळी 7:15

सर, मी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत पराग-पट्ट्या तयार करण्याचे काम अनेक वर्षे करत आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. आपण घाई केली.

रेषा असलेला ट्रायकोल्पोरेट कण म्हणजे गुलाब कुल, हे समीकरण प्रवेशद्वारावर ठीक आहे, परंतु घरात शिरल्यावर उपयोगाचे नाही. रेषा असलेले कण इतर कुलांतही आहेत आणि त्यांतले एक कुल आपल्या डोक्यावरच मोहरलेले आहे. आंबा! आंब्याचा कणही तीन खाचांचा, तीन छिद्रांचा असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर रेषा व जाळी यांची मिश्र नक्षी असते. सातपुड्यात तर त्याच कुलातील चारोळी आणि मोई ही झाडेही भरपूर आहेत. त्यामुळे तिकडच्या मधात रेषांचे कण सापडले तर माझा पहिला संशय आंब्याच्या कुलावर जाईल.

फरक ओळखायचा असेल तर रेषांवरून नजर काढून छिद्राकडे वळवावी. आंब्याच्या कुलात आतले छिद्र आडवे, रुंद आणि ठसठशीत असते. उभी खाच आणि आडवे छिद्र मिळून अधिकचे चिन्ह काढल्यासारखे दिसते. गुलाबात ते छिद्र अंधुक असते आणि खाचेवर आपण लिहिलेली ती झाकणाची पट्टी असते. आपल्या मधातील कणांवर झाकण होते का, हे कृपया पाहून सांगावे.

दुसरा मुद्दा मापांचा. आपण कण कोरडे मोजले, पाण्यात मोजले की ग्लिसरीन जेलीत, हे लिहिलेले नाही. गुलाब कुलाच्या बाबतीत हे न सांगता दिलेले माप जवळपास निरुपयोगी ठरते. कोरड्या अवस्थेत खाचा आत दुमडल्या जातात आणि कण तांदळाच्या दाण्यासारखा लांबट दिसतो. पाणी मिळताच खाचा उघडतात, कण फुगतो आणि गोलसर होतो. पाणी कमी-जास्त होईल तसा आकार सावरून घेण्याच्या या क्षमतेला परागशास्त्रज्ञ रॉजर वोडहाऊस यांनी हार्मोमेगॅथी असे नाव दिले होते. ध्रुवीय अक्ष भागिले विषुववृत्तीय व्यास हे गुणोत्तर परागशास्त्रज्ञ एर्टमान यांच्या वर्गवारीत 1.33 ते 2 असेल तर कण लांबट, 1.14 ते 1.33 असेल तर काहीसा लांबट आणि 0.88 ते 1.14 असेल तर गोलसर धरला जातो. आता पाहा, एकाच गुलाबाच्या एकाच परागकोशातील कण पट्टी कशी तयार केली यावर या तिन्ही वर्गांत बसू शकतात. ग्लिसरीन जेलीत तर पट्टी जुनी होत जाते तसे कण आणखी फुगत जातात. म्हणून आमच्याकडे सर्व नमुन्यांवर एकच प्रक्रिया करून, ठरावीक दिवसांत, प्रत्येकी किमान तीस कण मोजण्याची शिस्त आहे.

---

तापीकाठ · 19 जानेवारी, सकाळी 11:30

ताई, आपले म्हणणे शंभर टक्के मान्य. गुलाब मी ताजा, बेसिक फ्यूशिन हा रंग घातलेल्या ग्लिसरीन जेलीत मोजला होता आणि भाच्याने पाठवलेले वाळके नमुने थेट पाण्यात. म्हणजे माझी तुलना मुळातच लंगडी होती. पीचचा कण मोठा आहे याबद्दल मला शंका नाही, परंतु किती मोठा हे सांगण्याचा अधिकार मी गमावला आहे.

मधाची पट्टी पुन्हा पाहिली. झाकण एकाही कणावर दिसले नाही. आडवे छिद्र मात्र, आता काय शोधायचे ते कळल्यावर, प्रत्येक दुसऱ्या कणावर दिसू लागले. ज्याला चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना "आधी पाहा, मग नाव द्या" असे सांगण्याचा पगार मिळाला, त्यानेच आधी नाव दिले. परिचितांना आजच फोन करून माझे विधान मागे घेतो.

---

मधपेटी_यावल · 19 जानेवारी, दुपारी 2:05

मी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. 'गुलाब मध' हे नाव वाचूनच मला हसू आले. ती बाटली कोणाची आहे ते मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचेही नाही, पण माझा अनुभव असा की गुलाबावर माशी जाते ती पिवळे गोळे पायाला लावून परतते. तिची मधाची पिशवी भरलेली मी कधी पाहिली नाही. सूर्यफुलावर किंवा कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर तिचे वागणे वेगळे असते. यामागे काही शास्त्र आहे का?

---

पांझरा_धुळे · 19 जानेवारी, दुपारी 4:40

दादा, आपले निरीक्षण अचूक आहे. गुलाब प्रजातीची फुले सामान्यतः मकरंद देत नाहीत. त्यांनी माशीसाठी ठेवलेला मोबदला म्हणजे परागच, आणि म्हणून साध्या पाकळ्यांच्या गुलाबात पुंकेसरांची एवढी गर्दी असते. याउलट बदाम, पीच, सफरचंद, नाशपाती यांच्या फुलांत पेल्यासारख्या पुष्पासनाच्या आतील बाजूने मकरंद स्रवतो. एकाच कुलात दोन वेगळे व्यवहार आहेत.

त्यामुळे मधात गुलाबाचा पराग सापडला तरी तो मध गुलाबाचा ठरत नाही; माशीच्या अंगाला लागून आलेला पराग पोळ्यात कुठेही पोहोचतो. पाकळ्या किंवा गुलकंद घालून सुगंधित केलेल्या मधाला कोणी गुलाब मध म्हणत असेल तर तो स्वयंपाकघराचा विषय झाला. मधातील परागाची तपासणी हे एक स्वतंत्र शास्त्र आहे आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत, जी 1962 पासून कार्यरत आहे, त्या विषयाची जाण असलेली माणसे मिळतात. शंका असल्यास तेथे विचारावे.

---

प्रश्नार्थक (जळगाव) · 19 जानेवारी, रात्री 9:10

चर्चा चांगली आहे, परंतु मला ती अनावश्यक भीतीकडे झुकलेली वाटते. परागकणांवरून गुलाब कुलातील जाती ओळखण्याच्या किल्ल्या प्रसिद्ध झालेल्या आहेत. हेब्दा आणि चिन्नप्पा या संशोधकांनी कॅनडातील गुलाब कुलाच्या परागांवर 1990 च्या सुमारास सविस्तर काम केले. इतके काम झालेले असताना "कुलापर्यंतच थांबा" असे म्हणणे हा आळस नव्हे काय? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरला की वरंब्यांची रुंदी, सऱ्यांतील छिद्रांची संख्या आणि व्यास, सगळे मोजता येते. मोजता आले की भेदही करता येतो.

---

पांझरा_धुळे · 20 जानेवारी, सकाळी 7:50

मोजता येणे आणि भेद करता येणे यांत एक पायरी आहे व ती चढताना माणसे घसरतात. दोन जातींच्या मापांची सरासरी वेगळी असू शकते, तरीही त्यांचे पल्ले एकमेकांवर इतके चढलेले असतात की समोर पडलेला एकटा कण कोणत्या जातीचा हे सांगता येत नाही. गुलाब आणि रूबस, म्हणजे रासबेरी-ब्लॅकबेरीची प्रजाती, या दोन्ही ठिकाणी संकर आणि गुणसूत्रांची संख्या पटीने वाढणे इतके सर्रास आहे की जातींच्या सीमा ठरवताना पाने-फुले पाहणाऱ्यांतही एकमत नसते. मग कणाने ते ठरवावे ही अपेक्षा जड आहे. आपण उल्लेखिलेल्या प्रकारच्या कामाचे मोल मोठेच आहे, पण त्यात कणांचे प्रकार पाडलेले असतात आणि एका प्रकारात अनेक प्रजाती एकत्र बसतात.

उपकुलांचेही तसेच. पूर्वी गुलाब कुलाची चार उपकुले फळांवरून पाडत असत. 2007 मध्ये डॅनियल पॉटर आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे तीन उपकुलांची मांडणी केली, तेव्हा बदाम-पीच आणि सफरचंद-नाशपाती एकाच मोठ्या उपकुलात आले. परागाच्या नक्षीवरून ती विभागणी कोणी आधीच काढली असती असे मला वाटत नाही, कारण रेषा सगळीकडे आहेत.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे 0.2 मायक्रोमीटर आहे आणि सऱ्यांतील पुष्कळशी छिद्रे त्याच घरातली आहेत. पण ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांच्यासाठी एर्टमान यांनी सांगितलेली एक युक्ती आजही कामाची आहे. 100 चे तेलात बुडवायचे भिंग लावून आधी कणाच्या अगदी वरच्या पातळीवर नजर स्थिर करावी आणि मग सूक्ष्म चक्राने हळूच खाली उतरावे. जे उंचवटे असतात ते वर उजळ आणि खाली उतरल्यावर गडद दिसतात. खड्डे व छिद्रे यांचे नेमके उलट होते. या उजेड-अंधाराच्या खेळावरून वरंबा कुठला आणि सरी कुठली हे ठरते. मुलांना हे दाखवले की पहिली दहा मिनिटे त्यांना काहीच कळत नाही आणि अकराव्या मिनिटाला सगळे कळते.

---

प्रश्नार्थक · 20 जानेवारी, सकाळी 10:05

'आळस' हा शब्द मागे घेतो. मुद्दा पूर्णपणे सोडत नाही: पट्टीवर एकच कण नसून शेकडो असतील आणि झाड कोठले ते ठाऊक असेल तर सरासरीला अर्थ आहे.

---

पांझरा_धुळे · 20 जानेवारी, सकाळी 10:20

मान्य. झाड माहीत असताना कणाचे वर्णन करणे आणि कण पाहून झाड सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत, एवढेच मला म्हणायचे होते.

---

गुलाबमळा (एरंडोलजवळ) · 20 जानेवारी, रात्री 8:30

मी ग्लॅडिएटर या संकरित गुलाबाची लागवड करतो. आमचे फूल कळीतच तोडले जाते, त्यामुळे पुंकेसर पाहण्याची वेळ सहसा येत नाही. हा धागा वाचून मुद्दाम दहा-बारा फुले झाडावर पूर्ण उमलू दिली आणि मुलीच्या शाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली पराग पाहिला. सरांनी वर्णन केले तसे गोल, तीन खाचांचे कण थोडेच होते. निम्म्याहून अधिक कण चिंबलेले, रिकाम्या चिपाडासारखे होते. शेजारच्या गावठी गुलाबात मात्र भरलेले कण जास्त दिसले. माझ्या झाडांना रोग झाला आहे का? की खताची कमतरता आहे?

---

तापीकाठ · 20 जानेवारी, रात्री 10:15

दादा, रोग समजून फवारणी करू नका. संकरित गुलाबात हे नेहमीचेच आहे आणि त्याचे कारण जमिनीत नसून वंशात आहे.

गुलाब प्रजातीत गुणसूत्रांचा मूळ संच सातांचा असतो. चिनी गुलाबांत असे साधारणपणे दोन संच, म्हणजे 14 गुणसूत्रे असतात, तर युरोपातील अनेक जुन्या बागायती गुलाबांत चार संच, म्हणजे 28. या दोन घराण्यांच्या संकरातून आधुनिक गुलाब उभा राहिला. दोन संचवाला आणि चार संचवाला यांच्या संततीत तीन संच येतात आणि पराग तयार होताना तिसऱ्या संचाला जोडीदार मिळत नाही. वाटणी विस्कटते आणि पुष्कळसे कण अर्धवट राहून आकसतात. आद्य संकरित टी गुलाब मानला जाणारा 1867 चा 'ला फ्रान्स' असाच तीन संचांचा होता आणि म्हणून जवळजवळ वांझ होता. पुढे चार संचांची वाणे स्थिरावली, तरी त्यांचे संच निरनिराळ्या पूर्वजांकडून आलेले असल्याने जुळणी सर्वांत सारखी साधत नाही. शिवाय भरगच्च पाकळ्यांच्या फुलात मुळात बऱ्याच पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात.

येथे मला थोडे विषयांतर करण्याचा मोह होतो. युरोपातील रानगुलाबांच्या एका गटात पाच संच, म्हणजे 35 गुणसूत्रे असतात. विषम संख्या असूनही ही झुडपे बीजाने व्यवस्थित वाढतात. कसे? पराग तयार होताना ज्या दोन संचांची जोडी जुळते त्यातील एकच संच, सात गुणसूत्रे, कणात जातो. उरलेले सर्व संच आईच्या बाजूने बीजांडात ठेवले जातात, तेथे 28 होतात. सात अधिक अठ्ठावीस, पुन्हा पस्तीस. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये टेकहोल्म यांनी आणि इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न व हॅरिसन यांनी हे उलगडले. मी हे दरवर्षी वर्गात शिकवत असे आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी तरी म्हणे की ही वारसाहक्काची वाटणी आईकडच्या बाजूने झाली, आमच्या घरी उलट होते.

आकसलेले कण मोजायचे असतील तर ॲसिटोकार्मिन या रंगाचा थेंब घालावा. जिवंत रसद्रव्य असलेला कण लालसर होतो आणि रिकामे कवच फिके राहते. ही चाचणी कण भरलेला आहे की नाही एवढेच सांगते. तो रुजेल की नाही यासाठी साखर आणि बोरिक आम्ल घातलेल्या द्रावणात परागनलिका फुटते का ते पाहावे लागते.

---

सातपुडा_पायथा (शहादा) · 21 जानेवारी, दुपारी 1:20

मी एम.एस्सी.ला आहे. मागील वर्षी मार्चअखेर आमच्या विभागाच्या बागेतील गुलाबाच्या पट्ट्या केल्या होत्या, तेव्हा इतरांपेक्षा ठळकपणे मोठे असे काही कण दिसले आणि त्यांतल्या काहींना तीनऐवजी चार खाचा होत्या. जानेवारीतल्या पट्ट्यांत असे कण जवळजवळ नाहीत. मी ती भेसळ समजून सोडून दिली होती. आता वाटते की सोडायला नको होती.

---

तापीकाठ · 21 जानेवारी, सायंकाळी 6:45

पट्ट्या टाकून दिल्या नसतील तर जपून ठेवा! गुलाबाच्या परागमातृपेशीतून नेहमी चार कणांचे चतुष्क तयार होते. विभाजनाची दुसरी पायरी बिघडली तर चारऐवजी दोन किंवा तीन कण होतात आणि त्यांतील काहींमध्ये गुणसूत्रे निम्मी न होता पूर्ण राहतात. असे कण मोठे असतात व त्यांच्यावर खाचांची संख्याही वाढलेली आढळते. फ्रान्समधील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात गुलाबाची झाडे कळीच्या विशिष्ट अवस्थेत थोडा काळ 30 ते 36 अंश सेल्सियसच्या उष्णतेत ठेवली, तेव्हा अशा कणांचे प्रमाण वाढलेले त्यांना आढळले.

त्यांना 36 अंशांसाठी बंदिस्त कक्ष लागला. आपल्याकडे मार्चअखेर ते अंगणात फुकट मिळते, आणि मे महिन्यात तर 44-45 अंश. तुमचे मोठे कण याच कारणाने झाले असे मी म्हणणार नाही, कारण एकदा घाई करून झाली आहे. पण त्याच झाडाच्या कळ्या जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल अशा दर महिन्याला एकाच पद्धतीने तपासल्या, रोजचे कमाल तापमान टिपले आणि परागकोशातील चतुष्कांच्या अवस्थाही पाहिल्या, तर पदव्युत्तर प्रकल्पाला पुरेसा विषय होईल.

---

दवाखाना_चाळीसगाव · 21 जानेवारी, रात्री 9:55

वैद्यकीय बाजूने एक भर घालतो. "गुलाबाच्या वासाने सर्दी होते, पराग नाकात जातो" अशी तक्रार घेऊन रुग्ण येतात. गुलाबाचा कण तेलकट, चिकट आवरणाचा असतो आणि तो कीटकांच्या अंगाला चिकटून प्रवास करतो. हवेत तो फारसा तरंगत नाही. हवेतून पसरणारा पराग मुख्यतः गवतांचा आणि वाऱ्यावर परागण होणाऱ्या झाडांचा असतो. पाश्चात्त्य देशांत गुलाब फुलण्याच्या ऋतूतच गवतेही फुलतात, म्हणून तेथे या सर्दीला 'गुलाबी सर्दी' असे नाव पडले होते. 1886 मध्ये जॉन मॅकेन्झी या अमेरिकी वैद्याने अशा एका रुग्णापुढे कृत्रिम गुलाब धरला, तरी तिला लक्षणे सुरू झाली. गुलाबमळ्यात रोज हाताने फुले खुडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. अतिनिकट संपर्कात त्रास होऊ शकतो आणि त्यांनी तपासणी करून घ्यावी.

---

केळीबाग_रावेर · 21 जानेवारी, रात्री 10:10

अक्कलकुव्याकडे डोंगरात स्ट्रॉबेरी लावतात, तीही याच कुलातली ना? काही फळे वेडीवाकडी का येतात?

---

पांझरा_धुळे · 21 जानेवारी, रात्री 10:30

होय, याच कुलातली, पण ती झुडूप नसून लहान बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचे कणही तीन खाचांचे आणि रेषांचे असतात. फळावर जे दाणे दिसतात ते प्रत्येकी एकेक खरे फळ असते आणि त्याचे फलन झाले तरच त्याच्याखालचा गर फुगतो. जिथे पराग पोहोचला नाही तिथे खळगा राहतो. वेड्यावाकड्या फळाची इतरही कारणे असतात, परंतु अपुरे परागण हे त्यांतील महत्त्वाचे.

---

सातपुडा_पायथा · 22 जानेवारी, सकाळी 8:00

सर, ताई, मी हा प्रकल्प घेण्याचे ठरवले आहे. ॲसिटोलिसिस करावे की साध्या रंगवलेल्या पट्ट्यांवर भागेल?

---

पांझरा_धुळे · 22 जानेवारी, सकाळी 9:25

दोन्ही करा, पण वेगवेगळ्या हेतूने. ॲसिटोलिसिसमध्ये नऊ भाग ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि एक भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांच्या मिश्रणात कण तापवतात; आतील रसद्रव्य, आतले आवरण आणि वरचा तेलकट लेप नाहीसा होतो व स्पोरोपोलेनिन या टिकाऊ पदार्थाचे बाह्यावरण तेवढे उरते. नक्षी आणि छिद्रे पाहायला यासारखी दुसरी पद्धत नाही. मात्र तुझ्या प्रकल्पात भरलेला कण आणि रिकामा कण यांतला फरक महत्त्वाचा आहे आणि तो या प्रक्रियेत पुसला जातो, म्हणून मोजणी ॲसिटोकार्मिनवरच कर. मोठ्या कणांचे माप मात्र एकाच पद्धतीच्या पट्ट्यांवर घे.

सुरक्षेबाबत एकच गोष्ट, पण ती विसरायची नाही. हे मिश्रण पाण्याशी अतिशय जोराने प्रक्रिया करते. नमुना आधी ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने धुऊन त्यातील पाणी काढून टाक, काम वाफा बाहेर ओढणाऱ्या धूरकक्षात कर आणि चष्मा व हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नकोस. एकट्याने तर करूच नकोस.

---

गुलाबमळा · 22 जानेवारी, दुपारी 12:40

माझ्याकडे ग्लॅडिएटर आणि गावठी दोन्ही आहेत. दर महिन्याला कळ्या द्यायला तयार आहे. कोणत्या अवस्थेतील तोडू आणि कशात घालून पाठवू तेवढे सांगा.

---

तापीकाठ · 22 जानेवारी, दुपारी 3:10

दादा, दोन प्रकारच्या कळ्या लागतील. चतुष्के पाहण्यासाठी अगदी कोवळ्या, ज्यांच्या पाकळ्या अजून हिरव्या दलांत पूर्ण झाकलेल्या आहेत. त्यांचे परागकोश कच्चे आणि फिकट असतील. त्या तोडल्याबरोबर अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकाव्या लागतात, म्हणून त्या वेळी विद्यार्थ्याला मळ्यावरच बोलवा. कोवळ्या कळीच्या कोणत्या लांबीला चतुष्क सापडते हे वाणागणिक बदलते, त्यामुळे पहिल्या खेपेस लहानमोठ्या सगळ्याच तोडाव्या लागतील आणि थोडे नुकसान सोसावे लागेल.

परिपक्व परागासाठी सकाळी नुकतीच उमलू लागलेली फुले घ्यावीत, परागकोश पिवळे झालेले पण फुटलेले नसावेत. ते चिमट्याने काढून वर्तमानपत्राच्या किंवा बटर पेपरच्या पुडीत बांधावेत आणि पुडीवर वाण, तारीख, वेळ आणि त्या दिवसाचे कमाल तापमान लिहावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच घालू नये. आतल्या ओलाव्याने दोन दिवसांत बुरशी येते. आणि गावठी व ग्लॅडिएटरसाठी चिमटा वेगवेगळा ठेवावा, किंवा तोच असेल तर स्पिरिटने पुसून घ्यावा, नाहीतर गावठीच्या पुडीत ग्लॅडिएटरचे कण निघतील आणि आपण पुन्हा रात्रभर जागू.